मावळातल्या पावसाला गाडीचा हीटर लागतो

गाडी घेताना एसी किती गार करतो हे प्रत्येक जण विचारतो. हीटरची चौकशी महाराष्ट्रात सहसा कुणी करत नाही. तापमानाचं बटण निळ्या टोकाला असतं, ते गाडी विकेपर्यंत तिथंच राहतं. त्यामुळे हीटरची कॉइल गळायला लागली की गॅरेजमध्ये मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: आपल्याकडे हीटर लागतो कुठे, बायपास करून टाकू. इंजिनाकडून हीटरकडे जाणारे दोन होज पाईप सोडवायचे, त्यांची तोंडं एकमेकांना जोडायची, क्लिपा आवळायच्या आणि कूलंट भरायचं. डॅशबोर्ड उतरवायला नको की नवी कॉइल आणायला नको. सोलापूर-जळगावच्या सपाट रस्त्यांवर उन्हातान्हात चालणाऱ्या गाडीला या सल्ल्याने फारसा फरक पडणार नाही. पण तीच गाडी खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला, लोणावळ्याला, कामशेतला, पवनानगरला जाणार असेल आणि तीही जुलै महिन्यात, तर हा सल्ला अपुरा आहे. मावळात हीटर थंडीपेक्षा पावसासाठी आणि घाटासाठी लागतो. रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणायला बायपास हा चांगला उपाय आहे. तो कायमचा ठेवला, तर मात्र ड्रायव्हरच्या हाताशी असलेली दोन संरक्षणं आपण स्वतः काढून टाकतो.

हे पटायचं तर बॉनेटखाली पाणी कसं फिरतं ते आधी समजून घ्यायला हवं. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी हलवण्याच्या कामी येते, तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि साधारण तेवढीच उष्णता कूलंटला बाहेर काढावी लागते. वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद असतो आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच घुमतं. तापमान साधारण ८२ ते ९० अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम कूलंट पुढच्या रेडिएटरमधून गार होऊन परत येतं. हीटरचा फेरा यापेक्षा वेगळा आणि लहान असतो. हेडजवळून एक पाईप निघतो, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून म्हणजे फायरवॉलमधून आत जातो, डॅशबोर्डमागच्या वहीएवढ्या छोट्या रेडिएटरला गरम कूलंट देतो, आणि दुसरा पाईप तेच कूलंट वॉटर पंपाच्या ओढीकडे परत आणतो. या छोट्या रेडिएटरलाच हीटर कोअर किंवा गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन गाडीत येते. थोडक्यात, हीटर वेगळी ऊर्जा खात नाही. इंजिनाला नको असलेली उष्णताच तो आत आणतो. म्हणूनच त्याचा संबंध प्रवाशाच्या उबेइतकाच इंजिनाच्या गारव्याशीही आहे.

आता घाटाकडे येऊ. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये याच कड्यावरून रेल्वे वर आली. रेल्वेच्या मार्गाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आजही कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात. मोटारगाडीला असा मदतनीस मिळत नाही. तिचं एकच इंजिन सगळा भार ओढतं. खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरचा फरक आहे. माणसं-सामान धरून दीड टन भरणारी गाडी एवढी वर उचलायला लागणारी ऊर्जा मोजली तर ती सव्वादोन युनिट विजेइतकी होते. ही केवळ उचलण्याची ऊर्जा झाली. चाकांचं घर्षण, वारा आणि एसीचा कॉम्प्रेसर यांचा हिशेब वेगळाच. इंजिन जेवढं काम करतं जवळपास तेवढीच उष्णता कूलंटकडे जाते, म्हणजे केवळ या चढापायी सव्वादोन युनिट उष्णता पंधरा-वीस मिनिटांत कूलंटमध्ये उतरते. स्नानगृहातले दोन किलोवॅटचे चार गिझर त्या सबंध वेळात चालू ठेवले तर जेवढं पाणी तापेल, तेवढा हा मारा आहे. शिवाय चढावर गाडीचा वेग कमी असतो, त्यामुळे रेडिएटरवर आदळणारा वाराही कमी. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या अलीकडे वाहनांची रांग लागली, तर वारा जवळजवळ थांबतो आणि सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर उरते.

नव्या, धडधाकट गाडीला हा मारा सहज पेलतो. तिचं गाऱ्हाणं नाही. प्रश्न असतो आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीचा. तिच्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असतात, पंख्याची मोटर मंदावलेली असते, कॅपचा रबर कडक झालेला असतो. हा कॅपही लहानसा वाटला तरी महत्त्वाचा आहे. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण, वर कॅपने धरलेला दाब, असं सगळं नीट असेल तर तोच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. कॅप सैल आणि आत नळाचं पाणी, अशी गाडी घाटात उकळणार यात नवल नाही. अशा वेळी तापमानाचा काटा वर सरकायला लागला की अनुभवी ड्रायव्हर एसी बंद करतो, तापमानाचं बटण लाल टोकाला नेतो, ब्लोअर पूर्ण सोडतो आणि काचा खाली करतो. गाडीत बसणं असह्य होतं, पण इंजिनाला दुसरा रेडिएटर मिळतो. तो पुढच्या रेडिएटरच्या मानाने छोटा असला तरी काही किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि त्याचा पंखा गाडीच्या वेगावर अवलंबून नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या घाटात जिथे मनाला येईल तिथे थांबणं जिवावर बेतू शकतं. गाडी बाजूच्या सुरक्षित जागेपर्यंत नेण्यापुरती मुदत या युक्तीने मिळते. बायपास केलेल्या गाडीत ही मुदत नसते.

ही युक्ती म्हणजे बिघडलेल्या कूलिंगवरचा इलाज नव्हे, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवं. काटा लाल पट्ट्यात पोचला असेल किंवा बॉनेटखालून वाफ दिसली तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करणं एवढाच मार्ग उरतो. कॅपला हात लावायचा नाही. आतलं दाबाखालचं पाणी कॅप उघडताच वाफ होऊन अंगावर येतं आणि चेहरा, हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, कारण अचानक आकसलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत थांबायचं आणि मगच पाणी तपासायचं. घाईने तसंच पुढे गेलं तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकतं, आणि तो खर्च हीटर कॉइलच्या कैक पट असतो.

हीटरचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही: तो ड्रायव्हरजवळचा दुसरा थर्मामीटर आहे. डॅशबोर्डवरचा काटा ज्या सेन्सरकडून माहिती घेतो तो कूलंटमध्ये बुडालेला असायला हवा. गळतीमुळे पातळी खाली गेली आणि सेन्सर उघडा पडला, तर तो वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो, आणि इंजिन तापत असताना काटा मधेच रेंगाळू शकतो. अशा वेळी हीटर खरं सांगतो. इंजिन गरम झालेलं असताना हीटर चालू केला आणि हवा एकदम गार आली, तर बहुधा कॉइलपर्यंत कूलंट पोचतच नाही: पातळी घटली असेल, पंप नीट ओढत नसेल किंवा पाईपमध्ये एअर लॉक झालेला असेल. घाट सुरू होण्याआधी खालापूर-खोपोलीच्या थांब्यावर हीटर मिनिटभर चालवून पाहिला तर ही सूचना फुकट मिळते. ज्या गाडीत पाईप बाहेरच्या बाहेर जोडून टाकले आहेत तिथे हीटर नेहमीच गार हवा देणार, म्हणजे सूचना देणारी ही खिडकीही बंद.

घाटाची बाजू महत्त्वाची आहे, पण माझ्या मते पावसाची बाजू त्याहून वजनदार आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून तासा-दीड तासावरच्या पुणे शहरात तो सात-आठशेच्या घरात असतो. जून ते सप्टेंबर लोणावळ्याची हवा २०-२२ अंशांच्या आसपास आणि ओलाव्याने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. त्यात भुशी धरणावर नाहीतर लोहगडाच्या पायथ्याशी भिजून आलेली चार-पाच माणसं गाडीत बसतात. ओले कपडे, ओल्या छत्र्या, पायांखालची ओली मॅट आणि प्रत्येकाचा श्वास हवेत वाफ सोडत राहतो. बाहेरून काचेवर पावसाचा गार मारा चालू असतो. ज्या तापमानाला हवा आपला ओलावा धरून ठेवू शकत नाही त्याच्याही खाली काच गार झाली की तिच्यावर आतून बारीक थेंबांचा थर जमतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या थरात पसरून सगळं पांढरं होतं. काच उघडावी तर पाऊस आत येतो, आणि बाहेरची हवाही तितकीच ओली असल्याने तिच्याने काच सुकत नाही. फडक्याने पुसलेली काच मिनिटभरात पुन्हा धुरकट होते. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने काच पुसत असेल, तर वळणावरच्या दरडीतून खाली आलेला दगड किंवा दिवे न लावता उभा असलेला ट्रक त्याला दिसणार कसा?

काच कोरडी करायचे दोन मार्ग आहेत: हवेतला ओलावा काढणं आणि हवा गरम करणं. पहिलं काम एसी करतो. त्याच्या गार कॉइलवर ओलाव्याचं पाणी होतं आणि नळीने गाडीखाली गळतं. दुसरं काम हीटर करतो. २० अंशांची पूर्ण ओली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला ओलावा तेवढाच राहतो, पण तिची धारणशक्ती वाढते आणि सापेक्ष आर्द्रता शंभरावरून चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. अशी तहानलेली हवा काचेवर सोडली की थेंब उडून जातात, शिवाय काचही उबदार होते आणि पुन्हा धुकं धरत नाही. दोन्ही एकत्र चालवले तर परिणाम आणखी दांडगा. एसीच्या कॉइलवर ५ अंशांपर्यंत गार होऊन वाळलेली हवा हीटरने ३० अंशांवर आणली तर तिची आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणूनच अनेक गाड्यांत काचेकडे हवा सोडण्याचं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो आणि तापमान वाढवायला गाडीचं पुस्तक सांगतं. एसी आणि हीटर एका वेळी चालवण्यात काही चूक किंवा उधळपट्टी नाही. पावसाळ्यात गाडीची यंत्रणा याच जोडीने काम करायला बनवलेली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: एसी आहे ना, मग हीटर कशाला? सपाटीवरच्या उकाड्यात हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. लोणावळ्यात तो टिकत नाही. फक्त एसीची हवा काचेवर सोडली तर काच बाहेरच्या हवेपेक्षा गार होते, आणि बाहेरची हवा तर ओलाव्याने भरलेली. मग धुकं काचेच्या बाहेरच्या अंगाला धरतं. ड्रायव्हर आतून कितीही पुसो, फरक पडत नाही. वायपर फिरवला की क्षणभर दिसतं आणि लगेच पुन्हा पडदा येतो. आतले भिजलेले प्रवासी कुडकुडायला लागतात, कुणी तरी एसी बंद करतं आणि आता आतून धुकं धरतं. या दोन टोकांमधून सुटका करणारं बटण एकच असतं, तापमानाचं. आणि ते बटण काय करतं? बहुतेक गाड्यांत ते एक झडप हलवतं, जी एसीवरून आलेल्या गार हवेचा थोडा भाग हीटर कॉइलवरून वळवते. कॉइलमधून कूलंटच फिरत नसेल, तर बटण कुठेही फिरवा, हवा गारच. हीटर बायपास करून घेणारा माणूस समजतो की आपण एक निरुपयोगी वस्तू काढली. त्याने प्रत्यक्षात एसीचं नियंत्रणही गमावलेलं असतं.

मग कॉइल गळते आहे हे ओळखायचं कसं? गाडीत गोडसर वास येऊ लागतो, काचेवर आतून तेलकट चिकट थर बसतो जो पुसला तरी ओढल्यासारखा पसरतो, पुढच्या प्रवाशाच्या पायांखालचा गालिचा ओला राहतो आणि गाडीखाली कुठेही ठिपका नसताना कूलंटची पातळी उतरत जाते. गॅरेजवाले म्हणतात, गाडी पाणी खाते. मावळात मात्र इथे एक फसगत होऊ शकते. एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी चिखलाने किंवा कचऱ्याने तुंबली तरी त्याच जागी गालिचा ओला होतो, आणि पावसाळ्यात दाराच्या रबरातूनही पाणी येतं. पांढरा कागद किंवा कापूस त्या ओलीवर दाबून पाहावा. रंग, चिकटपणा किंवा गोड वास असेल तर कूलंट; नुसतं स्वच्छ पाणी असेल तर नळी साफ करून भागेल. चव घेऊन खात्री करण्याचा मोह कुणीही करू नये. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विषारी आहे. सांडलेलं कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही याचीही काळजी घ्यायला हवी.

कॉइल गळली कशामुळे, हा प्रश्न बायपास करताना विचारलाच जात नाही, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. हीटर कॉइलच्या नळ्या पुढच्या रेडिएटरपेक्षाही अरुंद असतात. कूलिंगच्या यंत्रणेत जे काही बिघडतं त्याची पहिली खूण पुष्कळदा इथे उमटते. वर्षानुवर्षं बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी भरलं की क्षार बसतात आणि अ‍ॅल्युमिनिअम आतून कुरतडलं जातं. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती काही वर्षांनी संपतात. म्हणून ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायचं असतं. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकमेकांत मिसळली तर गाळ किंवा जेलीसारखा थर तयार होऊ शकतो. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याचा जुना उपाय आपल्याकडे अजून चालतो, आणि बाजारात गळती बंद करायच्या पावडरीही मिळतात. भोक बुजवणारी वस्तू अरुंद नळीही बुजवते, आणि सगळ्यात आधी हीटरची. अशा गाडीत कॉइल काढून टाकली तरी रोग यंत्रणेतच राहतो. आज कॉइल गळाली, उद्या रेडिएटर, परवा वॉटर पंपाचं सील. बायपासने गळती थांबली की गाडीमालक निश्चिंत होतो, आणि ही निश्चिंतीच महाग पडते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही याच विचारातून आलेली. त्याने इंजिन थंडच धावतं, इंधन जास्त जातं, झीज वाढते, पावसात हीटर कोमट राहतो. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना आतला छोटा रस्ता बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो. म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापू शकते.

तरीही बायपास करावा लागणारे प्रसंग येतात, आणि ते नीट करणं हे कसब आहे. सहलीच्या मध्यावर कॉइल फुटली, गाडीत गरम कूलंट सांडतंय, सुटा भाग मिळायला दोन दिवस लागणार आहेत, अशा वेळी बायपास हाच शहाणपणा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर फायरवॉलजवळचे दोन्ही पाईप सोडवायचे आणि ते एकमेकांना जोडायचे, म्हणजे कूलंटचा फेरा चालू राहतो. दोन्ही तोंडांना बुच मारून फेरा बंद करणं हा याचा चुकीचा भाऊ आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंटच्या फिरण्याचा बराच भार हीटरच्या मार्गावर असतो, आणि काहींत थर्मोस्टॅटला तापमान कळतं ते याच मार्गाने परतणाऱ्या पाण्यामुळे. तो मार्ग तोडला तर हेडमध्ये वाफेचे कप्पे होऊ शकतात आणि थर्मोस्टॅट उशिरा उघडतो. जोडणीला कूलंटसाठी बनवलेला रबरी पाईपच हवा. बागेतला किंवा पेट्रोलचा पाईप या उष्णतेला आणि दाबाला टिकत नाही. सरळ पाईप जबरदस्तीने वाकवला तर तो मधे दुमडतो आणि प्रवाह तुटतो, म्हणून इंग्रजी यूच्या आकाराचा तयार तुकडा किंवा धातूची नळी वापरावी. दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा, पाईप एक्झॉस्टपासून आणि पंख्याच्या पट्ट्यापासून लांब बांधलेला, कूलंट योग्य प्रमाणात भरून हवा पूर्ण काढलेली, आणि थोडं चालवून पुन्हा पातळी पाहिलेली: एवढं केलं तर गाडी बिनधोक घरी येते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो: वर्षानुवर्षं बायपास केलेल्या गाड्या ठणठणीत चालतात, मग भीती कसली? हे खरं आहे आणि मान्यच करायला हवं. जोडणी नीट असेल तर कॉइल नसल्याने इंजिनाचं रोजचं काम अडत नाही. पण सुरक्षेच्या वस्तूची किंमत रोजच्या दिवसावरून ठरत नसते. सुटं चाकही वर्षानुवर्षं डिकीत पडून असतं. घाटात काटा वर गेला त्या दहा मिनिटांत आणि टायगर पॉइंटहून रात्री ढगातून उतरताना काच पांढरी झाली त्या अर्ध्या तासात हीटरचा हिशेब होतो. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मध्यमवर्गीय घराला खरोखर बोचणारा आहे. कॉइलपेक्षा डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी जास्त होते. त्यावर सांगता येईल ते असं: काही गाड्यांत सगळा डॅशबोर्ड न काढता बाजूने कॉइल निघते, हे त्या मॉडेलवर काम केलेल्या मेकॅनिकला आधी विचारावं, एसीचं मोठं काम निघणारच असेल तर दोन्ही एकत्र करावीत, कारण दोन्ही कॉइलींचा डबा एकच असतो, आणि घाईने पावसाळ्यात न करता मार्च-एप्रिलमध्ये करावं. गाडी जुनी असेल आणि गावाबाहेर जाणारच नसेल, तर कायमचा बायपास हा हिशेबी निर्णय ठरू शकतो. मात्र अशी गाडी विकताना घेणाऱ्याला ते सांगितलं पाहिजे, कारण तिचा नवा मालक कदाचित पहिल्याच पावसात लोणावळ्याला निघेल.

चौथा आक्षेप उन्हाळ्याचा आहे. कॉइलमधून सतत गरम कूलंट फिरतं म्हणून एसीला त्रास होतो, बायपासने गाडी जास्त गार होते, असं सांगितलं जातं. झडप नीट बसत नसेल तर हे घडतं. गरम हवा झिरपून गार हवेत मिसळते. पण तो दोष झडपेचा आहे, तेव्हा दुरुस्ती झडपेची व्हावी. ज्या गाड्यांच्या हीटर पाईपवर कॉक असतो तिथे तो पूर्ण बंद होतो का हे तपासावं. पाचवं म्हणणं भविष्याचं आहे: खोपोली ते कुसगाव अशा बोगदे आणि पुलांच्या 'मिसिंग लिंक'मुळे द्रुतगती मार्गाला जुन्या घाटवळणांची गरजच उरत नाही. त्यामुळे अंतर आणि वळणं कमी होतात, पण चढायची उंची तीच राहते. शिंगरोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता, ताम्हिणी आणि माळशेजचे घाट आहेतच, आणि पाऊस तर बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी उभाच असतो. विजेच्या गाड्यांकडे पाहिलं तर हाच मुद्दा आणखी स्पष्ट होतो. त्यांच्या मोटारीतून इंजिनाइतकी फुकटची उष्णता मिळत नाही, तरी त्यांचे निर्माते हवा तापवायची सोय वगळत नाहीत. त्यासाठी बॅटरीतली मोलाची वीज खर्च करतात. काच स्वच्छ ठेवणं ही गाडीची मूलभूत गरज आहे, हे त्यांनी मानलेलं असतं.

मावळात राहणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात मावळात येणाऱ्यांनी म्हणून मेच्या अखेरीस हीटरची परीक्षा घ्यावी, जशी वायपरची आणि ब्रेकची घेतली जाते. इंजिन गरम झाल्यावर बटण लाल टोकाला नेऊन हवा खरोखर गरम येते का, काचेकडच्या झरोक्यातून ती जोरात येते का, आत गोड वास येतो का, पातळी महिन्याभरात किती उतरली, कूलंटचा रंग स्वच्छ आहे की गढूळ, होज पाईप दाबून पाहिल्यावर मऊ-फुगलेले की तडकलेले, कॅपचा रबर शाबूत आहे का: ही सगळी तपासणी करायला पैसे लागत नाहीत, फक्त इंजिन गार असताना कॅप उघडण्याचा नियम पाळायचा. वापरलेली गाडी घेताना फायरवॉलजवळ एकमेकांना जोडलेले पाईप दिसले तर किंमत ठरवण्याआधी कारण विचारावं. आणि मेकॅनिकने बायपास सुचवला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: कॉइल गळाली कशामुळे, ते कारण दूर करणार कसं, आणि नवी कॉइल बसवायची कधी. या तिन्हींची उत्तरं मिळत असतील तर बायपास खुशाल करून घ्यावा, आणि ठरलेल्या तारखेला, जूनचा पहिला पाऊस येण्याआधी, तो काढूनही घ्यावा.